काफ्काची पत्रं वाचताना अडकलात? आधी समोरचं माणूस शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. इन्स्टावर काफ्का या प्रागच्या जर्मन लेखकाने मिलेना या चेक मैत्रिणीला लिहिलेली वाक्यं वाचली, आवडली, म्हणून पत्रांचं इंग्रजी पुस्तक सेकंडहँड घेतलं. साठ-सत्तर पानं झाली आणि आता पुढे जाववत नाही, कारण कोण कुठे आहे तेच कळत नाही, तो सारखी माफी मागतो, मध्येच कुठल्या तरी टेलिग्रामवरून वाद, आणि मिलेनाची उत्तरं पुस्तकात नाहीतच. त्यात तुम्हाला कळलं की त्याने हे सगळं जाळायला सांगितलं होतं, म्हणून चोरून वाचल्यासारखंही वाटतंय. तर हे वाचावं का, कुठून सुरू करावं, आणि हे प्रेम होतं की छळ, असं विचारलंय तुम्ही.

मी जर्मनमधून अनुवाद करते, त्यात पत्रं आणि डायऱ्या जास्त, आणि काही वर्षं वाचनगटात ही पत्रं लोकांबरोबर वाचतेय. जवळजवळ प्रत्येक जण तुम्ही अडकलात तिथेच अडकतो. त्याला कंटाळा म्हणतात पण तो कंटाळा नसतो. तुम्ही ते पुस्तक म्हणून वाचताय, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, गोष्ट पुढे सरकेल या आशेने, आणि लिहिणाऱ्याने ते पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाही. कुणीतरी नंतर लावून दिलेला गठ्ठा आहे तो, आणि तोही अर्धाच. काफ्काचं प्रत्येक पत्र कशाचं तरी उत्तर आहे आणि ते 'कशाचं तरी' आपल्या हातात नाही. ते शोधत वाचलं की पत्रं उघडतात, नाही शोधलं तर एक रडका माणूस तीनशे पानं स्वतःबद्दल बोलतोय असं वाटतं. तुम्हाला तसंच वाटलंय ना?

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. मिलेनाच्या आधी फेलिस बाउअर होती, बर्लिनची, डिक्टेशनची मशीनं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. तिला जानेवारी १९१३मध्ये लिहिलेलं एक पत्र फार फिरतं, त्यात काफ्का म्हणतो की मला एखाद्या मोठ्या तळघराच्या अगदी आतल्या खोलीत दिवा आणि लिहायचं सामान घेऊन राहायला आवडेल, जेवण बाहेरच्या दाराशी ठेवावं, तिथवर चालत जाणं हाच माझा व्यायाम. लोक हे एकांताचं सुंदर चित्र म्हणून शेअर करतात. पण त्याच पत्रात दोन ओळी वर काय आहे बघा. फेलिसने त्याला लिहिलं होतं की तू लिहीत असताना मला तुझ्या शेजारी बसायला आवडेल. हे तळघर त्याचं उत्तर आहे! एका मुलीने प्रेमाने साधी गोष्ट सांगितली आणि त्याने तिला दारापर्यंत जेवण आणून ठेवायची जागा दाखवली (आणि हे इतकं छान लिहिलं की तिला रागही धड आला नसेल). वाक्य तेच, पण आता ते चित्र नाही राहिलं, नकार झाला. फेलिसचं पत्र आज नाहीये, तरी तिचं वाक्य काफ्काच्या पत्रात अडकून राहिलंय, आणि अशी वाक्यं शोधली तर पानोपानी सापडतात. 'तू म्हणतेस की', 'तू विचारलंस', 'तुझ्या कालच्या पत्रात' असं जिथे दिसेल तिथे मी पेन्सिलने समासात खूण करते, दुसरं काहीच नाही, आणि पन्नासेक पानांनंतर त्या खुणाच सलग वाचते. फेलिस बऱ्यापैकी दिसायला लागते. कामसू, स्पष्ट बोलणारी, त्याच्या तब्येतीची आणि झोपेची काळजी करणारी, आणि हळूहळू वैतागत चाललेली.

दुसरी सवय म्हणजे कॅलेंडर. हे बोअर वाटेल पण पत्रं वाचायला याच्याएवढं उपयोगी काहीच नाही. काफ्का आणि फेलिस १३ ऑगस्ट १९१२ला प्रागमध्ये माक्स ब्रोड या काफ्काच्या जवळच्या मित्राच्या घरी एकदाच भेटले, एका संध्याकाळपुरते. २० सप्टेंबरला त्याने पहिलं पत्र लिहिलं, ऑफिसात बसून टाइप करून. दोनच दिवसांनी, २२च्या रात्री, तो रात्री दहाला लिहायला बसला आणि सकाळी सहाला 'निवाडा' ही कथा पूर्ण करून उठला, एका बैठकीत, आणि ती पुढे फेलिसला अर्पण केली. नोव्हेंबर-डिसेंबरात 'मेटामॉर्फोसिस' लिहिली, आणि त्याच दिवसांत तिला रोज पत्र, कधी दिवसाला दोन, कधी तीन. आणि पुन्हा प्रत्यक्ष भेट कधी? मार्च १९१३, ईस्टरला. म्हणजे सात महिने ही दोघं फक्त कागदावर होती. हे कॅलेंडर समोर असलं की 'मला सविस्तर सांग, आज काय घातलंस, ऑफिसात कोण आलं, जेवलीस किती वाजता' असली त्याची भुणभुण वेगळी वाटते. त्याला ती हवी होती पण त्या अंतरावरूनच हवी होती, कारण त्या अंतरावर त्याचं लिखाण चालत होतं. हे माझं मत आहे, सगळ्यांना पटत नाही. पण त्याने १ नोव्हेंबरच्या पत्रात तिला स्वतःचं वेळापत्रकच दिलंय, दुपारी दोन-सव्वादोनपर्यंत ऑफिस, मग जेवण, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत झोप, व्यायाम, फिरणं, घरच्यांबरोबर जेवण, आणि रात्री साडेदहा-साडेअकराला लिहायला बसायचं ते एक, दोन, कधी तीनपर्यंत. त्यात बायको कुठे बसते ते तुम्हीच शोधा.

मिलेनाच्या पत्रांचं कॅलेंडर लावणं जास्त कठीण आहे आणि तुमचा गोंधळ तिथूनच येतोय, तुमची चूक नाही. एक तर त्याने बहुतेक पत्रांवर तारीखच घातली नाही, नुसता वार, 'गुरुवार' म्हणून सुरुवात. दुसरं, १९२०च्या उन्हाळ्यात तो आधी इटलीतल्या मेरानला आणि मग प्रागला, ती व्हिएन्नात, नवरा घरात, आणि पत्रं इतकी भराभर जायची की ती वाटेत एकमेकांना ओलांडायची. सोमवारच्या पत्राचं उत्तर यायच्या आत मंगळवारचं आणि बुधवारचं गेलेलं, त्यात बुधवारच्या पत्रात मंगळवारच्या पत्राबद्दल माफी, आणि मध्ये तार. म्हणजे तुम्ही पान उलटता तेव्हा पुढचं पत्र मागच्या पत्राच्या पुढचं नसतं, दोन-तीन पत्रं मागच्या कशाला तरी दिलेलं उत्तर असतं. मी वाचनगटात सांगते की दोनच खुंट्या ठोका. जूनच्या शेवटी व्हिएन्नात दोघं चार दिवस भेटले, ते चांगले गेले. ऑगस्टच्या मध्यावर ग्म्युंड या सरहद्दीवरच्या गावात भेटले, ती भेट फसली. प्रत्येक पत्र व्हिएन्नाच्या आधीचं, दोन्हीच्या मधलं की ग्म्युंडनंतरचं एवढंच ठरवायचं. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आणि हो, तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते बघा, सेकंडहँड म्हणालात म्हणून सांगते. मिलेनाने ही पत्रं १९३९मध्ये विली हास या मित्राकडे दिली. ती स्वतः पत्रकार होती, नाझींविरुद्धच्या कामात पकडली गेली आणि मे १९४४मध्ये राव्हेन्सब्र्युकच्या छावणीत वारली. हासने पत्रं १९५२मध्ये छापली पण तेव्हा त्यातली काही माणसं जिवंत होती म्हणून बरेच भाग गाळले, आणि क्रम लावला तोही सगळीकडे बरोबर नव्हता. १९८३मध्ये युर्गेन बॉर्न आणि मिखाएल म्युलर यांनी गाळलेला भाग परत घालून, तारखा नव्याने शोधून आवृत्ती काढली. इंग्रजीत १९५३चा अनुवाद हासच्या पुस्तकावरून आहे आणि १९९०चा फिलिप बोएमचा नव्या आवृत्तीवरून. तुमच्या हातात जुना असेल तर तो बाजूला ठेवून नवा मिळवा, यात मी तरी तडजोड करत नाही. कुठलाही पत्रसंग्रह घेतला की मी आधी संपादकाचं टिपण वाचते, काय गाळलं, का गाळलं, तारखा कशा ठरवल्या. पुष्कळ लोक नेमकी तीच पानं उलटून पुढे जातात.

आता तुमच्या इन्स्टाच्या वाक्यांबद्दल. लिहिलेली चुंबनं पोचतच नाहीत, वाटेत भुतं ती पिऊन टाकतात, हे तुम्ही नक्की वाचलं असणार. हे खरंच त्याचं आहे, मार्च १९२२च्या पत्रातलं. पण तोवर सगळं संपून वर्ष उलटून गेलंय, तो परत तिला 'तुम्ही' म्हणायला लागलाय, आणि सगळं पत्र हे पत्र लिहिण्याच्या विरोधातली तक्रार आहे. आयुष्यातली सगळी दुर्दशा पत्रांमुळे झाली म्हणतो तो. माणसांना जवळ आणायला रेल्वे आली, मोटार आली, विमान आलं, पण समोरची बाजू जास्त हुशार, तिने पोस्ट, तार, टेलिफोन काढला, भुतांना खायला मिळत राहणार आणि आपण मरणार. हे व्हॅलेंटाइनच्या कार्डावर छापतात! मला ते वाक्य आवडतं, पण लिहिणाऱ्याने ते पत्रांवर प्रेम म्हणून नाही लिहिलं. आणि ती बाहुली हरवलेल्या मुलीची गोष्ट, काफ्का बाहुलीच्या नावाने तिला पत्रं लिहायचा ती, ती त्याच्या शेवटच्या काळातल्या सोबतिणीने, डोरा डायमंटने सांगितलेली आठवण आहे, पत्रं कधीच सापडली नाहीत, आणि नेटवर शेवटी जोडतात ते 'प्रेम दुसऱ्या रूपात परत येतं' वगैरे डोराच्या आठवणीत नाही.

मिलेनाची बाजू अगदीच नाही असं मात्र समजू नका. तिची काफ्काला लिहिलेली पत्रं गेली, पण तिने माक्स ब्रोडला लिहिलेली काही पत्रं राहिली आणि ब्रोडने ती पुढे काफ्काच्या चरित्रात छापली. ती आधी वाचा, मग काफ्काकडे या, असं मी सगळ्यांना सांगते. त्यात एक प्रसंग आहे. काफ्का एका भिकारणीला दोन क्राउनचं नाणं देतो आणि एक परत मागतो, तिच्याकडे सुट्टे नसतात, आणि दोघं जण आता काय करायचं म्हणून दोन मिनिटं तिथेच उभी. मिलेना हे गंमत म्हणून सांगत नाही, या माणसाला पैसा, ऑफिस, टाइपरायटर, सगळं जग कसं अगम्य वाटतं ते सांगते, आणि मग हेही स्पष्ट लिहिते की मी नवऱ्याला सोडून त्याच्याबरोबर का जाऊ शकले नाही, तशा संन्याशासारख्या आयुष्याची ताकद माझ्यात नव्हती. तो गेल्यावर तीनच दिवसांनी, ६ जून १९२४ला, प्रागच्या चेक वर्तमानपत्रात तिने त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेख आला. हे वाचलं की पत्रातली ती गप्प बाई राहत नाही, माणूस होते. आपल्याकडे जी. एं.ची सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं आणि सुनीताबाईंचं 'प्रिय जी. ए.' ही दोन्ही छापील मिळतात म्हणून आपल्याला या सुखाची किंमत नसते. दोन्ही शेजारी ठेवून वाचून बघा कधी, एका बाजूचंच वाचताना किती सुटतं ते कळेल.

प्रेम की छळ. यावर मी सरळ उत्तर देणार नाही, कारण ते पत्रागणिक बदलतं, पण फेलिसबद्दल सांगते. साखरपुडा दोनदा झाला, दोनदा मोडला. पहिल्यांदा मोडला तो १२ जुलै १९१४ला बर्लिनच्या आस्कानिशर होफ या हॉटेलात. फेलिसची मैत्रीण ग्रेटे ब्लॉख मध्यस्थ म्हणून आली होती, आणि काफ्का मधल्या काळात तिलाही लांब लांब पत्रं लिहीत होता, त्यात फेलिसशी लग्नाबद्दलच्या शंका. ग्रेटेने त्यातल्या ओळी खाली रेघा मारून फेलिसला दाखवल्या. म्हणजे त्याचीच पत्रं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून टेबलावर आली. त्याने डायरीत याला हॉटेलातलं न्यायालय म्हटलं, आणि ऑगस्टमध्ये 'द ट्रायल' (म्हणजे खटला) ही कादंबरी लिहायला घेतली. एलियास कानेटी या लेखकाने १९६९मध्ये या पत्रांवर जे पुस्तक लिहिलं ते याच धाग्यावर आहे. माझं मत विचाराल तर फेलिसला त्रास झाला, खूप झाला, आणि काफ्काला ते कळत होतं, तो स्वतःच तिला लिहीत होता की मी तुझ्या लायक नाही, तिच्या वडलांना लिहायच्या पत्राच्या खर्ड्यातसुद्धा स्वतःविरुद्धच बाजू मांडली त्याने. पण स्वतःला दोष देणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो पाच वर्षं थांबला नाही.

जाळण्याचं. त्याने ब्रोडसाठी दोन चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, एक शाईची, एक पेन्सिलची, आणि त्यात पत्रांचाही उल्लेख आहे, लोकांकडून मागून घे, जे देणार नाहीत त्यांनी निदान स्वतः जाळायचं वचन द्यावं. ब्रोडचं म्हणणं असं की मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, हे मी करणार नाही. यावर नेटवर भांडणं चालू असतात पण त्यात एक गोष्ट सुटते. फेलिसची आणि मिलेनाची पत्रं ब्रोडच्या हातात नव्हतीच. ती ज्यांना लिहिली त्यांच्याकडे होती. फेलिसने ती पाचशेहून जास्त पत्रं आणि कार्डं बर्लिनहून स्वित्झर्लंड, तिथून अमेरिका अशी सांभाळत नेली आणि १९५५मध्ये, आजारपणात, प्रकाशकाला विकली. पुस्तक आलं १९६७मध्ये, ती १९६०लाच वारली होती. (हाच गठ्ठा १९८७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६,०५,००० डॉलरला गेला.) कागद जिला आला तिचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा, असं साधारण असतं, आणि मला स्वतःला, निदान फेलिसच्या बाबतीत, जिने ती सोसली तिने ठेवायचं ठरवलं हे पुरेसं वाटतं. मिलेनाला कुणी विचारू शकलं नाही, तिथे मला अजून थोडं अवघड होतं. तुम्हाला वाटतं ते चोरून वाचल्यासारखं वाटणं जाऊ देऊ नका, ते असलं की माणूस जपून वाचतो. पण काफ्का तरी काय, १९०४मध्ये त्याने हेबेल या जुन्या जर्मन नाटककाराच्या खासगी डायऱ्या सलग, अठराशे पानं वाचून काढल्या, आणि ते जगप्रसिद्ध वाक्य, पुस्तक म्हणजे आतल्या गोठलेल्या समुद्रावरची कुऱ्हाड, ते त्याने मित्राला याच वाचनाबद्दलच्या पत्रात लिहिलं. दुसऱ्या बाजूने, त्याच्या आईने त्याच्या कोटाच्या खिशातलं फेलिसचं पत्र वाचलं आणि परस्पर तिला चिठ्ठी पाठवली तेव्हा तो प्रचंड भडकला होता. दोन्ही खरं आहे.

आता कुठून सुरू करायचं. हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. नुसती वाक्यं आवडत असतील तर चाळून ठेवा, त्यात लाज काही नाही. कथा कशा झाल्या ते बघायचं असेल तर फेलिसची पत्रं, पण सगळी नको, सप्टेंबर १९१२ ते जानेवारी १९१३ एवढीच, शेजारी त्या सप्टेंबरची डायरी आणि 'निवाडा'. दिवसाला दोन-तीन पत्रं, जास्त नाही. माणूस बघायचा असेल, आणि तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं तुम्हाला तो हवाय, तर धाकट्या बहिणीला, ओटलाला लिहिलेली पत्रं घ्या, १९७४मध्ये छापली गेली. तिथे तो चेष्टा करतो, कामं सांगतो, कार्डांवर चित्रं काढतो, तब्येतीचं खोटं न बोलता सांगतो, आणि मुख्य म्हणजे तिथे त्याला कुणाला जिंकायचंही नाही आणि पळायचंही नाही. त्याला क्षय झाल्यावर तो १९१७-१८मध्ये त्सुराऊ या खेड्यात तिच्याकडेच शेतावर जाऊन राहिला होता. ओटला पुढे १९४३मध्ये आउशवित्झला मारली गेली, पत्रं तिच्या मुलींकडे राहिली, आणि २०११मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीने आणि जर्मनीतल्या मारबाखच्या साहित्यसंग्रहाने मिळून विकत घेतली.

'वडलांना पत्र' मात्र पहिलं घेऊ नका, सगळे तेच सुचवतात. १९१९मध्ये लिहिलं, हाताने शंभरेक पानं, आणि वडलांपर्यंत पोचलंच नाही. ते वाचणार असाल तर त्याने मिलेनाला त्याबद्दल काय सांगितलं ते लक्षात ठेवा: हे वकिलाचं पत्र आहे, यातल्या वकिली चाली ओळखत वाच. आणि शेवटी तर वडलांचं उत्तरही त्यानेच लिहून टाकलंय, त्यांच्या तोंडून स्वतःवरचे आरोप. म्हणजे जिथे समोरच्याची बाजू छापील मिळते तिथेही ती त्याच्याच हातची.

तर पुढच्या आठवड्यात एवढंच करा. मिलेना मिटून ठेवा, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर अनुवादकाचं नाव आणि साल बघा, ब्रोडच्या चरित्रातली मिलेनाची पत्रं शोधा, आणि ओटलाची वीसेक पत्रं वाचा. मग मिलेनाकडे परत जाताना व्हिएन्ना आणि ग्म्युंडच्या तारखा पहिल्या पानावर लिहून ठेवा. आवृत्ती जुनी निघाली तर इथेच कळवा, कुठली पत्रं हलवून कुठे वाचायची ते सांगते.